मुशीचं अंग, लेपाची सोयरीक

माझ्याकडे एक जुनी मूस आहे. अर्ध्या करवंटीएवढी, तोंडाला चोचीसारखी पन्हळ असलेली. बाहेरून तिच्यावर काळपट हिरव्या काचेची पातळ साय धरली आहे. एका बाजूला, जिथे चिमट्याचे ओठ वर्षानुवर्षं बसत गेले, तिथली साय उडाली आहे आणि रुपयाएवढा पांढुरका चट्टा पडला आहे. त्या चट्ट्यावर नख फिरवलं की भुकटी निघते. बाकी सगळीकडे नख घसरतं.

ही मूस माझ्या आबांची, म्हणजे वडिलांच्या वडिलांची. आम्ही खकनारचे सोनार. खकनार आज बुऱ्हाणपूर जिल्ह्यातली तहसील आहे. हा जिल्हा २००३ साली झाला. माझ्या लहानपणी आम्ही खंडवा जिल्ह्यातले, म्हणजे पूर्व निमाडचे. घरात मराठी, कचेरीत हिंदी, बाजारात निमाडी आणि कोरकू, असा आमचा कारभार. देडतलाईवरून धारणीकडे जाणारा रस्ता पुढे मेळघाटात शिरतो. त्या बाजूच्या पाड्यांवरून कोरकू बायका बाजाराच्या दिवशी चांदी घेऊन आबांकडे यायच्या. झिजलेले वाळे, तुटलेली हासळी आणि पदराच्या गाठीत बांधलेले चांदीचे रुपये. ते वितळवून नवे दागिने घडवायचे.

आबा रुपया आधी हातावर तोलायचे, मग त्याची कड बघायचे. जुना रुपया एक तोळ्याचा आणि बारा भागांत अकरा भाग चांदीचा. १९४० पासून सरकारने चांदी निम्म्यावर आणली आणि नव्या नाण्यांच्या कडेला वेगळी खाच घातली. कडेवरून बोट फिरवून आबा सांगत, "हा पुरा आहे, हा अर्धा आहे." पुरे रुपये वेगळे, अर्धे वेगळे. मग मूस शेगडीत जायची आणि भाता सुरू व्हायचा. चांदी ९६२ अंशांना वितळते, सोनं १०६४ ला, तांबं १०८५ ला. हे आकडे मी नंतर पुस्तकात वाचले. आबांना ते रंगावरून कळत.

मी तीसेक वर्षं ओतशाळांच्या वितळण विभागात काढली. शेकडो मुशी हाताखालून गेल्या, काही माणसाच्या कमरेएवढ्या उंच. भट्टीच्या धगीत वस्तू टिकवायची विद्या आज विमानाच्या इंजिनापर्यंत पोचली आहे. तिची जी वाट मला दिसते, ती आमच्या शेगडीवरूनच जाते. म्हणून हा इतिहास लिहितो आहे. मला सांगायची गोष्ट एकच आहे: आगीत टिकतं ते नुसतं अंग नव्हे आणि नुसता लेपही नव्हे. दोघांची सोयरीक जमली तर टिकतं.

हा शब्द आबांचा. नवी मूस आणली की ते ती लगेच वापरत नसत. दोन दिवस चुलीच्या वैलावर उपडी ठेवत, कारण अंगातली ओल निघाली पाहिजे. ओली मूस एकदम धगीत घातली की आतल्या पाण्याची वाफ होते आणि ती भिंत फोडून बाहेर येते. मग तिला निखाऱ्यात हळूहळू लाल करत आणि तळाशी टाकणखाराची चिमूट टाकत. टाकणखार आधी लाहीसारखा फुलतो, मग बसतो, मग पाण्यासारखा पारदर्शक होतो. आबा चिमट्याने मूस कलती करून गोल फिरवत. तो रस आतल्या भिंतीवर पसरून तिची काच होई. त्या काचेमुळे सोनं भिंतीच्या बारीक भोकांत अडकून राहत नसे, ओतताना शेवटच्या थेंबापर्यंत निघून येई.

एकदा मी आणखी चिमूटभर टाकणखार टाकू लागलो, तर त्यांनी मनगट धरलं. "पातळ असू दे. जाड लेप मुशीचं अंग खातो, आणि गार होताना तडकतो. अंग फुगलं की लेपानं फुगावं, अंग आकसलं की लेपानं आकसावं. सोयरीक जमली पाहिजे रे भाऊ."

आबांचं शिक्षण चौथीपर्यंत. पण ज्या गोष्टीला अभियंते आज प्रसरणांक म्हणतात, तीच ते सांगत होते.

आमचं बुऱ्हाणपूर हे धातू वितळवण्याचं जुनं गाव. १६०१ च्या जानेवारीत जवळचा असीरगड अकबराच्या हाती आला आणि फारुकी सुलतानांचं खानदेश मुघलांचा सुभा झालं. त्या विजयाची आठवण म्हणून बहिरी ससाण्याची आकृती असलेली सोन्याची मोहर पाडली गेली. बुऱ्हाणपूरच्या टांकसाळीतून पुढे पिढ्यान्‌पिढ्या रुपये पडत राहिले. टांकसाळ म्हटली की आपल्याला ठसा आणि हातोडा आठवतो, पण तिचं पहिलं काम वितळण्याचं. अबुल फज्लने ‘आईन-ए-अकबरी’त टांकसाळीतल्या कामगारांची यादीच दिली आहे. कस लावणारे, शुद्ध करणारे, वितळवणारे, पत्रे कापणारे आणि राखेतून धातू शोधणारे. या शेवटच्या माणसाला आपण मराठीत झारेकरी म्हणतो. तो सोनाराच्या दुकानातली धूळ, शेगडीतली राख आणि फुटलेल्या मुशी विकत नेतो, कुटतो, धुतो आणि त्यातून सोन्या-चांदीचे कण काढतो. मुशीचं अस्तर जितकं वाईट, तितकी झारेकऱ्याची कमाई जास्त. आमच्या धंद्यात लेपाची किंमत अशी रोकड मोजली जायची.

औरंगजेबाच्या काळात, १६६३ साली बुऱ्हाणपुरात ओतलेली एक मोठी तोफ असीरगडावर होती. इंग्रज अधिकाऱ्यांनी गॅझेटियरमध्ये तिची मोठ्या कौतुकाने नोंद केली आहे. तोफ ओतायची म्हणजे मातीचा साचा हवा, आणि साच्यालाही लेप लागतो. धातूला भिडणारा पहिला थर गाळलेल्या बारीक मातीचा, त्यामागचे थर जाडेभरडे, लीद आणि भुसा मिसळलेले. बारीक थर नक्षी उमटवतो, भरड थर वाफेला वाट देतो आणि साचा तडकू देत नाही. एकाच मातीचा जाड साचा केला तर वाळतानाच भेगा पडतात.

आणि तारकशी. सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये बुऱ्हाणपुरावरून गेला. इथलं तलम कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जातं, त्यात सोन्या-चांदीच्या तारा विणलेल्या असतात, असं त्याने लिहून ठेवलं. ती तार अशी होई: आधी चांदी वितळवून तिचा दांडा, म्हणजे पासा करायचा. त्यावर सोन्याचा पातळ पत्रा चढवून तो तापवून चांदीशी एकजीव करायचा. मग जंतराच्या एकाहून एक लहान भोकांतून तो ओढत जायचं. पासा लांबत लांबत केसासारखा होतो, तरी वरचं सोनं फाटत नाही, त्याच मापाने पातळ होत शेवटपर्यंत अंगाला धरून राहतं. कारण सोनं आणि चांदी दोन्ही सारखीच मऊ, सारखीच ताणली जाणारी. चांदीऐवजी आत पोलाद असतं तर हे वरचं सोनं पहिल्या काही भोकांतच सोलून निघालं असतं. आबांच्या सोयरिकीचा अर्थ मला पहिल्यांदा नीट कळला तो या तारेवरून.

पण ही सगळी विद्या उभी आहे ती मातीच्या अंगावर. मूस म्हणजे भाजलेली माती, असं लोकांना वाटतं. नुसती माती कधीच पुरत नाही. आमच्या गावचे कुंभार मडक्याच्या मातीत राख आणि गाढवाची लीद कालवत. लीद म्हणजे अर्धवट पचलेल्या गवताचे बारीक तंतू. मडकं आव्यात भाजलं की ते जळून जातात आणि मागे बारीक बारीक पोकळ्या राहतात. भेग चालत येते, पोकळीपाशी पोचते आणि थांबते. खानदेशात पुरणाचे मांडे ज्या खापरावर भाजतात, ते खापर दिवसभर जाळावर उपडं राहूनही फुटत नाही, त्याचं रहस्य हेच.

रसशास्त्राच्या ग्रंथांनी ही गोष्ट मापात मांडून ठेवली आहे. साधारण तेराव्या शतकातल्या ‘रसरत्नसमुच्चय’ ग्रंथात मुशींचे कितीतरी प्रकार आहेत. त्यातल्या वज्रमूषेची कृती बघा. तीन भाग माती, सण म्हणजे तागाचे तंतू आणि लीद मिळून दोन भाग, जाळलेला तूस आणि दगडाची पूड मिळून एक भाग, लोखंडाचं कीट अर्धा भाग. माती हे अंग, ताग हे तंतू, तूस हा सिलिका आणि कोळसा पुरवणारा, कीट हे कमी तापमानाला वितळून सगळं सांधणारं. आजच्या भाषेत याला सिरॅमिक संमिश्र म्हणायला कुणाची हरकत नसावी. त्याच ग्रंथात आतून वेगवेगळ्या द्रव्यांचे लेप दिलेल्या मुशी आहेत आणि जस्त काढण्यासाठी वांग्याच्या आकाराची वृंताकमूषाही आहे. तशाच घाटाच्या मुशी राजस्थानात उदयपूरजवळच्या झावरला उत्खननात रांगेने मांडलेल्या सापडल्या.

आमच्याकडचे वैद्य मकरध्वज हे औषध करताना काचेच्या कुपीला सात वेळा कापडमाती करत. मातीच्या चिखलात बुडवलेली कापडाची पट्टी कुपीभोवती गुंडाळायची, ती पूर्ण वाळली की दुसरी, मग तिसरी. घाई करून ओल्यावर ओला थर दिला तर सगळं मिळून तडकतं. अशी कुपी मग वाळूने भरलेल्या भांड्यात पुरून तासन्‌तास तापवायची. नुसती काच त्या धगीत मऊ पडून वाकली असती. कापडाचे धागे आणि माती यांचं कवच तिला सावरून धरतं. धागा आणि माती यांची ही जोडी लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा येणार आहे.

नांदेडच्या पलीकडे, आजच्या तेलंगणातल्या निजामाबाद भागात कोनासमुद्रम नावाचं गाव आहे. दमास्कसच्या तलवारींसाठी नावाजलेलं पोलाद तिथल्या मुशींत तयार होत असे आणि ते घ्यायला इराणी व्यापारी थेट गावात येऊन बसत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात व्हॉइसी या इंग्रज भूवैज्ञानिकाने ती भट्टी पाहून वर्णन लिहिलं, ते १८३२ साली छापलं गेलं. मुशीच्या मातीत भाताचा तूस मिसळत, हे त्यात आहे. पोलादाला चांदीपेक्षा कितीतरी जास्त आच लागते, चौदाशे अंशांच्या वरची. त्या आचेत साधी माती खचते. ही मूस का खचत नव्हती?

याचं उत्तर १९९१ मध्ये थेल्मा लोव आणि त्यांच्या अमेरिकेतल्या सहकाऱ्यांनी दिलं. त्यांनी दख्खनच्या जुन्या मुशींचे तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. तूस जळाला तरी त्यातल्या सिलिकेचा सांगाडा आणि थोडा कार्बन भिंतीत तसाच राहिला होता. मातीतून म्युलाइट नावाच्या खनिजाचे सुईसारखे बारीक स्फटिक वाढून ते काचेत एकमेकांत गुंतले होते. त्यांनी आपल्या निबंधाच्या शीर्षकातच या मुशीला तंतूंनी बळकट केलेलं सिरॅमिक संमिश्र म्हटलं. तूस मिसळणाऱ्या त्या कुंभाराचं नाव कुठेच नोंदलेलं नाही. त्याचं काम मात्र प्रयोगशाळेत सिद्ध झालं.

आबांची मूस मात्र निव्वळ मातीची नव्हती. ती काळी मूस, म्हणजे माती आणि ग्राफाइट यांची. १८५१ साली लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात अमेरिकेच्या जोसेफ डिक्सनच्या ग्राफाइटच्या मुशी मांडल्या होत्या. त्या लंडनच्या मॉर्गन बंधूंना भावल्या आणि १८५६ मध्ये त्यांनी तिथल्याच बॅटरसीला स्वतःचा कारखाना काढला. ग्राफाइट श्रीलंकेहून बोटींनी जाई. ग्राफाइटचे गुण मोठे. ते उष्णता झपाट्याने आत नेतं, धातूला चिकटत नाही, एकदम तापवलं किंवा गार केलं तरी तडकत नाही. दोष एकच, पण जीवघेणा. ते अखेर कार्बन आहे. पाच-सहाशे अंशांच्या पुढे हवा लागली की जळू लागतं आणि मुशीच्या भिंतीत नुसती पोकळ माती उरते. माझ्याकडच्या मुशीवरचा तो पांढुरका चट्टा म्हणजे ग्राफाइट जळून मागे उरलेली माती.

म्हणून अशा मुशीला बाहेरून काचेचा लेप देतात. तापल्यावर तो मऊ होतो, वाहत नाही, फक्त पसरतो आणि बारीक भेगा आपणच बुजवतो. हवा आत शिरायची वाट बंद होते. मॉर्गनच्या परंपरेतून आलेला मुशींचा कारखाना आज आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला आहे. बॅटरसीची विद्या मराठवाड्यात येऊन स्थिरावली, याचं मला फार समाधान वाटतं.

मी स्वतः लेपाशी एकदा बेइमानी केली आहे. नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. अॅल्युमिनियम वितळवायची मोठी मूस माझ्या ताब्यात होती. तिच्यावर ठिकठिकाणी पांढुरके चट्टे दिसू लागले. मला वाटलं, आपण सोनाराचे, आपल्याला लेप कळतो. मी टाकणखार आणि माती एकत्र मळून बोटभर जाडीचा थर चट्ट्यांवर थापला, तोही मूस कोमट असताना. दुसऱ्या दिवशी भट्टी चढली तसा तो थर फुगला, बुडबुडे आले. संध्याकाळी मूस गार होताना टक्‌टक्‌ आवाज येऊ लागले. सकाळी पाहिलं, तर माझा थर खपल्यांसारखा गळून पडला होता आणि जाताना मूळचा चांगला लेपही सोबत घेऊन गेला होता. तीन आठवड्यांत तिथली भिंत पातळ झाली आणि एका रात्री अॅल्युमिनियम भट्टीच्या तळाशी झिरपलं. कुणाला इजा झाली नाही, हे नशीब. चूक माझी होती. आमचे वस्ताद रागावले नाहीत. त्यांनी तुटलेला तुकडा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "वाजवून बघ." मी टिचकी मारली. खणखणीत नाद नव्हता, बद्द आवाज आला. "लेप अंगाला धरला नाही की अंग बद्द होतं. उद्यापासून मूस हातात घेतली की आधी वाजवायची," ते म्हणाले. तेव्हापासून मी प्रत्येक मूस वाजवली.

न जुळणारा लेप नसल्यापेक्षा वाईट. हे मला त्या रात्री कळलं. विमानाच्या इंजिनांवर काम करणाऱ्यांना तेच कळायला बरीच वर्षं गेली.

इंजिनातल्या ज्या भागावर जळत्या वायूचा झोत येतो, तो भाग बहुतेक निकेलच्या मिश्रधातूंचा करतात. त्यावर झिर्कोनियाचा उष्णतारोधक लेप देतात आणि आतून हवा खेळवून त्याला गार ठेवतात. तापमान वाढवलं तर इंधन वाचतं, पण धातूला मर्यादा असते. म्हणून सिलिकॉन कार्बाइडच्या धाग्यांची वीण घालून तिच्यात सिलिकॉन कार्बाइडच भरायची, असं संमिश्र शास्त्रज्ञांनी तयार केलं. धातूच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढं वजन, आणि आच सोसायची ताकद जास्त. सात वेळा गुंडाळलेली कापडमाती आठवा. धागा आणि माती यांचीच ही थोर वंशावळ.

कोरड्या हवेत सिलिकॉन कार्बाइड स्वतःला जपतं. त्याच्या पृष्ठावर सिलिकेची पातळ साय धरते आणि पुढचा ऱ्हास थांबवते. पण इंधन जळलं की पाण्याची वाफ होतेच. उच्च दाबाची ती वाफ सिलिकेशी संयोग पावून तिचा वायू करते आणि झोताबरोबर उडवून नेते. साय धरते, उडते, पुन्हा धरते, आणि प्रत्येक वेळी अंग थोडं झिजतं. आबांच्या मुशीला वाफ फोडायची. इथे वाफ खरवडते. कारण वेगळं, शत्रू एकच. नासामधल्या संशोधकांनी ही झीज नव्वदच्या दशकात नीट मोजली.

मग लेपाचा शोध सुरू झाला. धातूवर चाललेला झिर्कोनिया इथे चालेना, कारण तापल्यावर तो सिलिकॉन कार्बाइडच्या जवळजवळ दुप्पट फुगतो. म्युलाइट घेतला, तोच कोनासमुद्रमच्या मुशीतला. त्याचं फुगणं बरंच जुळतं. पण वितळलेले थेंब फवारून थर दिला की तो झटक्यात गोठून काचेसारखा होई, आणि नंतर तापल्यावर स्फटिक बनताना आकसून तडके. नासामधल्या कांग ली यांनी अंग आधी तापवून मग फवारणी केली, तेव्हा तो थर टिकला. मूस लाल झाल्याशिवाय टाकणखार टाकायचा नाही, हा आबांचा नियम इथे मला पुन्हा भेटला. पुढे बेरियम आणि स्ट्रॉन्शियमच्या अॅल्युमिनोसिलिकेटचा थर आला, त्यानंतर यटर्बियमसारख्या दुर्मिळ मृदा धातूंचे सिलिकेट. अंगावर आधी सिलिकॉनचा थर, म्हणजे अस्तर, आणि त्यावर हे सिलिकेट. त्याचं फुगणं-आकसणं अंगाशी जवळजवळ बरोबर मिळतं.

असे लेप पारखले गेले ते जमिनीवरच्या वीजनिर्मितीच्या टर्बाइनमध्ये. कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डला, आणि मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्स गावच्या एका कापड गिरणीत. लेपाविना ज्वलनकक्षाची संमिश्राची अस्तरं सुमारे ५,००० तास टिकत होती. लेप दिल्यावर १३,००० तासांच्या पुढे गेली. कापड गिरणीत हे घडलं, हे वाचून बुऱ्हाणपूरच्या माणसाला आपलेपणा वाटतो. आमच्याकडेही १९०६ साली ताप्ती मिल उभी राहिली होती. २०१६ पासून लीप नावाच्या विमान इंजिनात हे लेप दिलेलं संमिश्र प्रवाशांना घेऊन उडतं आहे. इंडिगोच्या कित्येक विमानांना तीच इंजिनं आहेत.

लेपासकट अंग फुटलं की काय होतं, याची सगळ्यात दुःखद साक्ष आपल्याला माहीत आहे. कोलंबिया अवकाशयानाच्या पंखाची पुढची धार कार्बनच्या धाग्यांनी बळकट केलेल्या कार्बनची होती आणि तिच्यावर सिलिकॉन कार्बाइडचा लेप होता. काळ्या मुशीचंच हे नातलग. कार्बन आच सोसतं, पण हवेत जळतं, म्हणून लेप. उड्डाणाच्या वेळी सुटलेला फोमचा तुकडा डाव्या पंखाच्या धारेवर आदळून तिथे भगदाड पडलं. १ फेब्रुवारी २००३ रोजी परतताना तप्त वायू त्यातून आत घुसला आणि कल्पना चावला यांच्यासह सात जण गेले. आणि आशेची साक्षही आहे. एप्रिल २०२४ मध्ये इस्रोने पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याच्या इंजिनासाठी कार्बन-कार्बनचं नॉझल तयार केल्याचं जाहीर केलं. ते जळू नये म्हणून त्यावर सिलिकॉन कार्बाइडचा लेप आहे. नॉझल हलकं झाल्याने अग्निबाण १५ किलो जास्त भार नेऊ शकतो. ती बातमी मी आबांच्या मुशीशेजारी बसून दोनदा वाचली.

आमचं खकनारचं दुकान आता नाही. १९६३ च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले, चौदा कॅरेटच्या वर नवे दागिने घडवायला बंदी झाली आणि पुढे १९६८ साली सुवर्ण नियंत्रणाचा कायदा झाला. आबांनी सोन्याचं काम सोडून चांदीवर संसार ओढला. १९९० मध्ये कायदा रद्द झाला तोवर वडिलांनी शेगडी विझवली होती आणि मी ओतशाळेत रुळलो होतो. आता दागिने शहरातून तयार येतात, आणि जिथे वितळवायचं तिथे विजेची लहान भट्टी आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मातीत काय मिसळायचं, लेप किती पातळ द्यायचा, मूस कशी वाजवायची, हे ज्यांच्या बोटांत होतं ती माणसं एकेक करून जात आहेत, आणि त्यांच्या मुशी झारेकऱ्याच्या पोत्यात जात आहेत.

तुमच्या घरात, गल्लीत, ओळखीत कुणी सोनार, कुंभार, तांबट, ओतारी किंवा जुना वैद्य असेल, तर या दिवाळीच्या आत त्याच्यापाशी जाऊन बसा. माती कुठल्या ओढ्याची, तूस की लीद, लेप कशाचा आणि किती वेळा, हे विचारून वहीत लिहून घ्या, आणि लिहिलेल्या पानावर त्या माणसाचं नाव घाला. कोनासमुद्रमच्या कुंभाराचं नाव आपण गमावलं. फुटलेली मूस झारेकऱ्याला देण्याआधी तिचा एक तुकडा ठेवून घ्या. त्यात सोन्याचा कण नसला तरी चालेल.